पायी चालणाऱ्यांचा वाटा

महानगरपालिकांची अंदाजपत्रके सादर होतात तेव्हा वृत्तपत्रांतून प्रामुख्याने दोनच गोष्टींची चर्चा होते : मिळकतकर वाढला की नाही, आणि नवे उड्डाणपूल कोठे मंजूर झाले. त्या जाडजूड ग्रंथाच्या आतल्या पानांवर पदपथ आणि सायकलमार्ग यांचीही शीर्षके असतात. त्यांच्यापुढील आकडे फारसे कोणी वाचीत नाही. पाणी, झोपडपट्टी, शाळा, दवाखाने या प्रश्नांच्या तुलनेने पदपथ ही किरकोळ बाब वाटते, आणि सायकलमार्ग हा तर सुखवस्तू मंडळींचा छंद समजला जातो. डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या मनातही ही समजूत पुष्कळ प्रमाणात घर करून आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. सार्वजनिक पैसा कोणाकडून गोळा होतो आणि कोणावर खर्च होतो, याचा सर्वांत उघडा हिशेब शहरातील रस्त्यावरच मांडलेला असतो.

प्रथम चालणारे कोण, ते पाहू. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. त्यामुळे कामावर जाण्यायेण्याच्या साधनांचे देशव्यापी आकडे २०११ चेच घ्यावे लागतात. शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणारे सुमारे २० कोटी लोक त्या वर्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे साडेचार कोटी पायी कामावर जात होते, आणि अडीच कोटींहून अधिक सायकलीने. मोटारीने जाणाऱ्यांची संख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात तीनदेखील नव्हे. त्याच जनगणनेत सायकल असलेली कुटुंबे जवळपास ४५ टक्के होती आणि मोटार असलेली पाच टक्क्यांहून कमी. त्यानंतरच्या वर्षांत मोटारी आणि विशेषतः दुचाकी पुष्कळ वाढल्या, हे खरे. तथापि बसने जाणारा माणूससुद्धा थांब्यापर्यंत चालतच जातो. ज्याला वाहन नाही, ज्याचे वय वाहन चालविण्याचे नाही किंवा राहिलेले नाही, अशा सर्वांची गणना केली तर शहरातील रस्त्याचा सर्वांत मोठा वापर पायांनीच होतो.

आता या वापराची किंमत पाहा. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत पादचारी ३२,८२५ होते आणि सायकलस्वार ४,८३६. म्हणजे दररोज सरासरी नव्वद माणसे केवळ पायी चालत असताना मारली गेली. एखाद्या कारखान्यात वा खाणीत एका दिवशी नव्वद मजूर दगावले असते, तर देशभर निषेधसभा झाल्या असत्या. हे मृत्यू सुटे सुटे होतात, निरनिराळ्या चौकांत होतात आणि ‘अपघात’ या सदरात नोंदले जातात, म्हणून त्यांच्यामागे असलेला खर्चाचा निर्णय कोणाच्या नजरेस येत नाही. पदपथ नसल्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारी घरकामगार स्त्री मोटारीखाली सापडते, तेव्हा दोष चालकाचा असतो. पण ज्या सभागृहाने त्या रस्त्याच्या रुंदीकरणाला पैसे दिले आणि पदपथाचे काम पुढच्या वर्षावर ढकलले, त्या सभागृहाचा काहीच संबंध नसतो काय?

पदपथाची मागणी पुढे आली की एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. वाहनधारक कर भरतात, म्हणून रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा. या युक्तिवादात आर्थिक तथ्य फार थोडे आहे. मोटार वाहन कर हा राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. पेट्रोल-डिझेलवरील कर केंद्राच्या आणि राज्याच्या. शहरातील रस्ते मात्र महानगरपालिकेने बांधावयाचे व राखावयाचे असतात. तिचे उत्पन्न वर्षानुवर्षे मुख्यतः जकात आणि मिळकतकर यांवर उभे होते. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या तेल, मीठ, कापड, भांडी या सगळ्यांवरचा कर. तो शेवटी झोपडीत राहणाऱ्या ग्राहकाच्याच खिशातून वसूल होत असे, आणि त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर धनिकापेक्षा त्याच्यावर त्याचा भार अधिक. पुढे बहुतेक शहरांत जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि या बुडालेल्या उत्पन्नाबद्दल राज्याकडून महापालिकांना भरपाई मिळू लागली. ही भरपाईसुद्धा उपभोगावरील करातूनच येते. म्हणजे पायी चालणारा कर भरीत नाही हे म्हणणे उघड उघड चूक आहे. तो भरतो, आणि त्याने भरलेल्या पैशांतून बांधलेल्या रस्त्यावर त्याला उभे राहावयास जागा मिळत नाही.

आजच्या तरुण कार्यकर्त्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण एके काळी पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक शहरांत सायकलीवर नगरपालिकेचा कर होता. तो भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला, किंवा रात्री दिवा नसला, तर पोलीस सायकल अडवीत. रस्त्यासाठी थेट स्थानिक संस्थेला कर देणारा जर कोणी असेल तर तो हा सायकलवाला कामगार वा विद्यार्थी होता. त्याच्या त्या पैशांतून त्याच्यासाठी वेगळी वाट बांधण्याची कल्पना तेव्हाच्या कारभाऱ्यांना सुचली नाही. रस्त्यावर बहुसंख्य त्याचीच असल्यामुळे तिची निकड नव्हती, असेही म्हणता येईल.

पुण्याचे उदाहरण विस्ताराने घेण्यासारखे आहे. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्याच शहराच्या परिसरात आकुर्डीला स्कूटरचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९७२ साली ‘लुना’ नावाची छोटी मोपेडही इथूनच बाजारात आली. शहर चोहोबाजूंनी पसरले, बससेवा त्या वेगाने वाढली नाही, कामाची ठिकाणे दूर गेली. आणि कामगाराने हप्त्याने दुचाकी घेतली. त्याने ती चैनीखातर घेतली नाही. २०१८ पर्यंत शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली आणि तिने लोकसंख्येलाही मागे टाकल्याचे जाहीर झाले. दुचाकीस्वार हा पादचाऱ्याचा शत्रू आहे असे चित्र रंगविणे म्हणूनच चुकीचे ठरेल. २०२२ च्या अपघाती मृत्यूंत सर्वांत मोठी संख्या दुचाकीवाल्यांचीच होती, शेकडा ४४ हून अधिक. पायी जाणारा आणि दुचाकीवर जाणारा हे बहुधा एकाच घरातले, किंबहुना पुष्कळदा एकच माणूस असतो.

या शहरात योजना झाल्या नाहीत असे नाही. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले. रस्त्याचे नियोजन वाहनांसाठी नसून माणसांसाठी असावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्याच सुमारास नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून पुण्याला निधी मिळाला. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर जलद बसवाहतुकीचा पहिला प्रयोग सुरू झाला, आणि त्याच्या बरोबर पदपथ व सायकलमार्गही आखले गेले. ते कागदावर सलग होते. प्रत्यक्षात कोठे विजेची पेटी मध्ये आली, कोठे झाड, कोठे बसथांबा, कोठे दुकानदाराच्या गाड्या. आणि चौक आला की सायकलमार्ग बहुधा तेथेच संपे. नेमकी जेथे संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तेथे तो नसे. पुढे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखड्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळाली. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना होती. त्याच हिवाळ्यात भाड्याच्या सायकली घेऊन खासगी कंपन्या आल्या. त्यांचा गाजावाजा मोठा झाला. पण वाटा तयार होण्यापूर्वीच वाहन आले, आणि दोन-अडीच वर्षांत त्यांपैकी बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या.

यावरून पुणेकरांना सायकल नको आहे, असा निष्कर्ष काढणारे अधिकारी आणि नगरसेवक भेटतात. पाच ठिकाणी फुटलेल्या नळाला पाणी येत नाही, यावरून वस्तीला तहानच नाही असे ठरविण्यापैकीच हा प्रकार आहे.

खरी मेख अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. तरतूद आणि खर्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पालिकेच्या कारभाराची थोडीबहुत माहिती असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सायकलमार्गाच्या शीर्षकाखाली वर्षाच्या आरंभी रक्कम दिसते. वर्ष सरत आले की ‘वर्गीकरणा’चे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाचा न वापरलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळविण्याचे ठराव. ज्या कामामागे ठेकेदार नाही, आग्रही नगरसेवक नाही आणि संघटित मतदार नाही, त्या कामाचा पैसा असा वळविला जाणे सर्वांत सोपे. याच्या जोडीला नगरसेवकांच्या हातची ‘स’ यादी. तिच्यातून पदपथ होतात, नाही असे नाही; पण ते प्रभागाच्या हद्दीपर्यंत होतात, आणि चांगले असलेले पदपथ उखडून त्यावर नव्या रंगाचे ठोकळे बसविण्याची हौस याच यादीतून भागविली जाते. मार्च महिन्यात शहरभर जी खोदाखोदी दिसते, तिच्यातली किती चालणाऱ्यासाठी असते आणि किती बिले निघण्यासाठी, हा प्रश्न विनोदाचा राहिलेला नाही. पुन्हा, २०२२ च्या मार्चपासून पुढे कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक एकटा अंदाजपत्रक मांडीत होता आणि एकटाच मंजूर करीत होता. त्र्याहत्तराव्या-चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी दिलेल्या स्थानिक स्वराज्याची ही थट्टा होती. पण सभागृह असतानाही पादचाऱ्याचा हिशेब कोणी विचारीत होते, असे म्हणण्यास फारसा आधार नाही.

जेथे पैसा खर्च झाला तेथेही तो कोणासाठी झाला, हे पाहावे लागते. पुण्यातील जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद, सपाट आणि सुंदर झाले. असे पदपथ आपल्याकडे होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्याबद्दल ते करणाऱ्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु हा मोठ्या दुकानांचा रस्ता आहे. पहाटे उठून घरोघर कामाला जाणाऱ्या बायका, ढकलगाडी घेऊन कचरा गोळा करणाऱ्या कष्टकरी स्त्रिया, वस्तीतून शाळेत जाणारी मुले ज्या रस्त्यांनी चालतात, ते रस्ते या यादीत शेवटी येतात. चालणे म्हणजे विहार, आणि सायकल म्हणजे व्यायाम, ही दृष्टी त्यामागे आहे. मुंबईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील महापालिकेने सागरी किनारा मार्गाच्या पहिल्या साडेदहा किलोमीटरांच्या टप्प्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च केले. २०२४ च्या मार्चपासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. दुचाकी, रिक्षा, सायकल आणि पादचारी यांना त्या मार्गावर प्रवेश नाही. त्याच्या कडेने समुद्राजवळ फेरफटक्यासाठी विहारपथ मात्र केला आहे. कामाला जाणाऱ्याला मज्जाव आणि हवा खाणाऱ्याला वाट, असा हा विभाग आहे. आणि सारा खर्च स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. त्याला विरोध करणारे ते एकटे निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहराच्या शोभेचा आणि शहरातल्या कष्टकऱ्यांच्या गरजेचा झगडा इतका जुना आहे. आजची शोभा उड्डाणपुलांची आहे, एवढाच फरक. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल बांधून पुरी दीड दशके होतात न होतात तो २०२० च्या जुलैत मेट्रोसाठी पाडण्यात आला, आणि त्या जागी पुन्हा नवा बांधला गेला. निधी नाही हे कारण ज्या शहरात पदपथापुरतेच सांगितले जाते, त्या शहरात एक पूल दोनदा बांधण्याइतका निधी निघतो.

पदपथाचा विषय निघाला की पथारीवाल्यांचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे समाजवादी कार्यकर्त्याने विशेष सावध राहावयास हवे. ‘पदपथ मोकळे करा’ या घोषणेचा पहिला बळी भाजीवाली असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले, पण त्याच निकालाने पदपथ हे चालण्यासाठी आहेत असे सांगून तेथील वस्ती रीतसर हटविण्यास वाटही दिली. पुढे १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, अपंगांसह सर्वांना वापरता येतील असे पदपथ मिळणे हाही घटनेच्या एकविसाव्या कलमाखालील हक्क असल्याचे म्हटले. हे दोन हक्क एकमेकांविरुद्ध लढविण्याचे कारण नाही. पदपथावरील जागा सर्वांत अधिक कोण अडवतो, हे एकदा टेप घेऊन मोजावे. उभी केलेली एक मोटार सुमारे बारा चौरस मीटर जागा व्यापते. तेवढ्या जागेत अनेक पथारीवाल्यांचे संसार चालतात. मोटारीला ती जागा बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. पुण्याच्या सर्वसाधारण सभेने २०१८ साली सशुल्क पार्किंगचे धोरण संमत केले तेव्हा विरोध इतका झाला की ते पाचच रस्त्यांपुरते, प्रयोग म्हणून ठेवावे लागले. फेरीवाल्यांसाठी मात्र २०१४ चा कायदा असूनही परवाने, क्षेत्रे, समित्या यांचा घोळ संपत नाही. दिवंगत बाबा आढाव यांनी पथारीवाल्यांची संघटना बांधताना जो मुद्दा लावून धरला, तो पदपथाच्या मागणीबरोबरच मांडावयास हवा : रुंद पदपथ, त्यात विक्रेत्यांची आखलेली जागा, आणि मोटारीकडून जागेचे भाडे.

पैसा उभा करण्याचा एक नवा मार्ग शेजारच्या पिंपरी-चिंचवडने २०२५ साली अवलंबिला. त्या महापालिकेने २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले, आणि पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी रस्ते सुधारण्याची कामे त्यातून करावयाची ठरविले. टिकाऊ मालमत्तेसाठी कर्ज काढणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने गैर नाही. पुढच्या पिढीने वापरावयाच्या वस्तूची काही किंमत तिने द्यावी, हे न्याय्यच आहे. मात्र कर्जाचे व्याज दरवर्षी सामान्य उत्पन्नातून, म्हणजे सर्वांच्या खिशातून जाते. तेव्हा ही कामे कोणत्या वस्तीत होतात, हा प्रश्न गुंतवणूकदाराने विचारला नाही तरी नागरिकाने विचारावा. शिवाय रोख्यांतून बांधकाम होते, देखभाल होत नाही. पदपथाचे खरे मरण देखभालीअभावी ओढवते : जलवाहिनीसाठी, केबलसाठी तो खोदला जातो आणि वर माती लोटून सोडून दिला जातो.

म्हणून मागणी करावयाची ती रस्तेखर्चातील ठराविक हिश्शाची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ साली परिवहन खर्चाचा किमान पाचवा हिस्सा चालणे आणि सायकल यांसाठी ठेवण्याची शिफारस केली. आयर्लंडमध्ये २०२० साली सत्तेवर आलेल्या संयुक्त सरकारने आपल्या कार्यक्रमात हेच प्रमाण स्वीकारले आणि वर्षाला ३६ कोटी युरोंची हमी दिली. आपल्याकडे चालणाऱ्यांचे प्रमाण पाहता पाचवा हिस्सा हा फार नेमस्त आकडा आहे. त्याला दोन अटी जोडाव्यात. या शीर्षकातील पैसा वर्गीकरणाने दुसरीकडे नेता येऊ नये. आणि वाटप प्रभागांच्या लोकसंख्येनुसार व वाहन नसलेल्या कुटुंबांच्या संख्येनुसार व्हावे. मोटार वाहन कराचा काही भाग राज्याने शहरांकडे या कामासाठी वळवावा, हीही मागणी जुन्याच न्यायाची आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली हेच राज्य सरकार ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना सायकली देते. बिहारमध्ये २००६ पासून अशा योजनेने माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या लक्षणीय वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सायकलीने मुलीचे आयुष्य बदलते हे सरकारला पटलेले आहे. ती सायकल तालुक्याच्या गावात शिरल्यावर कोठून चालवावयाची, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.

शाखांना हे काम लगेच हाती घेता येईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे निवासी भागातदेखील पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. वस्तीपासून शाळेपर्यंत, वस्तीपासून बसथांब्यापर्यंत चालत जाऊन ती कोठे मिळते आणि कोठे तुटते, याचा नकाशा दोन कार्यकर्ते एका रविवारी तयार करू शकतील. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयांत त्यासाठी अर्ज घेतले जातात. हे अर्ज आजवर मुख्यतः सोसायट्यांतून जातात आणि त्यांतून बाके व फलक होतात. वस्त्यांतून ते गेले पाहिजेत, आणि त्यांच्यासोबत हा नकाशा गेला पाहिजे. अंदाजपत्रकात प्रत्येक शीर्षकापुढे नवी तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे स्तंभ असतात. सभेत भाषणे पहिल्या स्तंभावर होतात. कार्यकर्त्यांनी पाच वर्षांचा तिसरा स्तंभ प्रभागवार मागावा. त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज पुरतो.